स्वस्तातला गेम कन्सोल आणि त्याची करकर

मंडळी, साडेतीन हजारांचा छोटा गेम कन्सोल मला साडेचारला पडला. वरचे हजार मेमरी कार्ड आणि कव्हरचे. शिवाय चिकलठाण्यातलं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आज दुपारभर बंद, ते वेगळंच.

परत करायचा आज शेवटचा दिवस. चालू केला तर आतून करकर.

बायकोला म्हणालो, "माल खराब आहे. नुसत्या आवाजावरून मोटारीचं दुखणं सांगतो मी. परत करू."

"थांबा की हो, लई घाई तुम्हाला," म्हणत तिनं तो हातात घेतला.

आत कुण्या दोघातिघा हौशी पोरांनी मिळून बनवलेला साधा खेळ. पडद्यावर संध्याकाळ, नदी, काठानं चालणारा एकटा माणूस. आम्ही त्याच्यासोबत चालत राहिलो. चहा तसाच निवला.

घ्यावा का, विचाराल तर खुशाल घ्या. आम्ही ठेवला. कन्सोल ठणठणीत आहे. करकरत होती ती खेळातली पाणचक्की.