रविवारच्या आधीचा गुरुवार

त्याला सगळे पानादादा म्हणत. वीस-बावीस वर्षं नळकाम केल्यावर माणसाच्या हातात पाना नसला तरी लोकांना तो दिसतोच. बॅप्टिस्ट मंडळीत व्यासपीठामागे छातीइतका खोल, फरश्या बसवलेला हौद होता. बाप्तिस्मा असला की आदल्या शनिवारी दुपारी तोटी सोडून तो काठावर बसून राही, हौद भरायला चार तास लागत. धाकटा भाऊ रंगारी. तो चिडवायचा, "दादा, तू नसतास तर अख्खी मंडळी कोरडीच स्वर्गात गेली असती."

हा धाकटा चाळिशीपर्यंत चर्चच्या आत आला तो भिंती रंगवायलाच. मग एका रविवारी काय झालं कुणास ठाऊक, उपासना संपता संपता उठून पुढे गेला आणि सगळ्यांसमोर घळाघळा रडला. मला विश्वास आहे म्हणाला. त्याची बायको पदरात तोंड लपवून बसली.

पानादादा त्याच दिवशी पाळकसाहेबांना गाठून म्हणाला, "येत्या रविवारीच त्याचा बाप्तिस्मा उरकून घेऊ. हौद मी भरतो."

"घाई कशाची? अजून सहा जण तयार होतायत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांचा एकदम घेऊ."

"आणि मधे काही झालं तर?"

"अरे, आत्म्याचं तारण विश्वासानं होतं. बाप्तिस्मा ही नुसती खूण. बाळ जन्मल्यावर दाखला काढतात, दाखल्यामुळे बाळ जन्मत नाही."

उदाहरण चोख होतं. पण पानादादाच्या डोक्यात सहा महिने वेगळंच घोळत होतं. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो गळकी टाकी दुरुस्त करायला गेला होता. तिथे एक निवृत्त मास्तर दहा-बारा माणसं घेऊन शास्त्र वाचत. टाकी झाली तरी तो जात राहिला. मास्तर एका शब्दावर बोट ठेवून सांगत, "प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानं, लोकांना काय सांगितलं? पापांची क्षमा व्हावी म्हणून बाप्तिस्मा घ्या. व्हावी म्हणून. झाली म्हणून नव्हे."

तेच त्यानं पाळकसाहेबांना ऐकवलं.

"मग प्रभूशेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर? त्याला तर प्रभूनं स्वर्ग दिला. त्याला कुणी बुडवलं?"

"तो प्रभूनं बाप्तिस्म्याची आज्ञा देण्याआधीच मेला, साहेब. आज्ञेनंतर शास्त्रातला तो तुरुंगाचा अधिकारी विश्वास ठेवला त्याच घटकेला उठून पाण्यात उतरला. शेवटच्या रविवारची वाट नाही पाहिली त्यानं."

पाळकसाहेब हसले. "पाना, तू पाण्यातला माणूस. तुला सगळीकडे पाणीच दिसणार." आजूबाजूचे हसले. पानादादाही हसला. भावाला तो काही बोलला नाही. त्याचा आनंद नासवायला जीभ रेटली नाही.

शेवटच्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर परांचीची एक गाठ सुटली. रंगारी खाली आला तेव्हा ब्रश हातातच होता म्हणे. पानादादा तेव्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बेसिनखाली आडवा होता. फोन कानाला लावून त्यानं सगळं ऐकलं, ठेवला, नट आवळला, नळ सोडून गळत नाही ना ते पाहिलं आणि मगच निघाला. असं का केलं ते त्याला पुढेही सांगता आलं नाही.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, "आपला भाऊ प्रभूजवळ आहे, यात तिळमात्र शंका नाही." सगळे आमेन म्हणाले. पानादादाचे ओठ हलले, आवाज आला नाही. उरलेल्या सहा जणांसाठी शनिवारी त्यानं हौद भरला. काठावर बसला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पाणी खुणेपर्यंत चढलं तशी तोटी बंद केली.

पाच महिन्यांनी मास्तरांनी त्याला नदीवर नेऊन पुन्हा बुडवलं. पहिला बाप्तिस्मा नुसती खूण समजून घेतलेला, तो धरायचा नाही असं त्यांच्यात होतं, आणि त्यालाही ते पटलं होतं. पाण्यातून वर आला तेव्हा थंडी वाजली. एवढंच.

बातमी लपून राहिली नाही. भावजयीनं त्याला बोलावून घेतलं.

"दादा, तुम्ही पुन्हा घेतलात?"

"हो."

"म्हणजे तुमचा आधीचा तरी होता. ह्यांचा तर तोही नाही."

"मी स्वतःपुरतं घेतलं गं."

"देवाचं वचन एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असतं का?"

खोटं बोलला असता तर तिला चार दिवस झोप लागली असती. "नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "देव न्यायी आहे. त्यापुढचं मला येत नाही."

"देव न्यायी आहे, हे पाळकसाहेबही म्हणतात," ती म्हणाली. "पण ते म्हणताना माझ्याकडे बघतात."

त्यानं मान वर केली. पण तोवर ती आत गेली होती. थोड्या वेळानं चहा घेऊन आली. दोघांनी तो प्यायला.

त्यानंतर तो हौद भरायला गेला नाही. चर्चनं दुसरा नळवाला पाहिला. भावजय तिथेच जात राहिली, तो टायरच्या दुकानावर. भेटले की तब्येतीचं बोलत, तिच्या पोरीच्या शाळेचं बोलत.

वर्ष झालं तेव्हा तिनं थडग्यावर दगड बसवला आणि पाहायला त्याला बोलावलं. नावाखाली कोरलं होतं, 'प्रभूमध्ये निजला'.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं.

पानादादानं वाकून अक्षरांवरून हात फिरवला. "ओळ सरळ आहे," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. दगडावर सिमेंटचे चार शिंतोडे राहिले होते, ते तो नखानं काढत बसला.