लाल रेघेमागचे जावई

आमच्या जावयाइतका उलट्या पायाचा माणूस अख्ख्या लातुरात सापडायचा न्हाई. भुताचे पाय उलटे असतात म्हणं; ह्यांचं डोकंच उलटं चालतं. काम काय, तर चिपमधल्या चुका हुडकायच्या. मोबाईलच्या पोटात असती ती चिप. ती घडवायच्या आधी कम्प्युटरवर चालवून बघतात. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा पळत राहतात अन् कुठं बिनसलं की रेघ लाल होती. मी दालमिलमधला हमाल माणूस, सरळ बोललो, "लाल झाली तिथंच ठोका अन् मोकळे व्हा." तर म्हणले, "मामा, लाल दिसती तिथं चूक नसती. ती मागून आलेली असती. आपण मागं मागं जायचं."

घरातबी तेच. नळाला पाणी आलं न्हाई की आपण नळाला शिव्या देतो. हे नळावरून टाकीवर, टाकीवरून मोटारीवर, अन् मोटारीवरून शेजारणीच्या बोकडावर गेले. त्यानं वायर ओढली होती. तरी ह्यांचं समाधान न्हाई. बोकड इथं बांधलाच का? शेजारीण कावली, "आता बोकडाच्या आज्याला इचारता का काय, जावईबापू?"

बायको गेल्यावर घर खायला उठलं. तवा लेक अन् जावई बंगळूरहून माझ्याकडं राहायला आले, काम घरूनच. पण परवा एक लाल रेघ काही केल्या उलगडंना. चिप एकदा घडली की तिला रंधा मारता येत न्हाई, सगळा माल भंगारात. साहेबानं निरोप धाडला, सापडत नसंल तर बंगळूरला या, कायमचे. लेकीनं माळ्यावरच्या बॅगा खाली काढल्या. "जा की, माझं काय अडलंय," मी म्हणलो खरं, पण चहा कपातच निवला.

अन् भर दुपारी जावई बनियनवरच ओसरीत आले. "सापडली, मामा!" चूक पार सुरुवातीला होती. बटण दाबल्याबरोबर चिपमधल्या समद्या कप्प्यांना सांगावं लागतं, तू शून्य का एक. एका कप्प्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा तसाच बसलेला, अन् त्याच्यापायी पुढचे समदे गोंधळलेले. बॅगा परत माळ्यावर गेल्या. कैक दिवसांनी मी पाय पसरून बसलो.

जेवताना त्यांनी माझ्या ताटाकडं बघितलं. "मामा, अर्धी भाकर रोज उरती."

"भाजी तिखट असती."

"भाजीचं न्हाई. मी मागं जाऊन बघितलंय. समोर मामींच्या जागेकडं नजर गेली की तुमचा घास थांबतो."

मी म्हणलो, "ते काय दुरुस्त व्हायचं न्हाई, जावईबापू."

"न्हाई व्हायचं," ते म्हणले. मग उठले, आपलं ताट उचललं अन् तिच्या जागेवर, माझ्या समोर येऊन बसले. भाकर मोडली.

मीबी उरलेली अर्धी उचलली.