देवराईतली हाक

इथे इंदूरला सुनेने रंगपंचमीसाठी पळसाची फुलं उकळायला ठेवली, आणि त्या तुरट वाफेसरशी मी चाकणजवळच्या आमच्या देवराईत जाऊन पोचले. तेव्हा तिकडे कारखाने नव्हते, रान होतं.

शिमग्याला आम्ही पोरं तिथे खाली पडलेली फुलं वेचायचो. आत शिरलं की सगळ्यांचं नाव एकच, फुला. खऱ्या नावाने हाक आली तर ओ द्यायची नाही, असा गावचा नेम. ज्या शिमग्याचं सांगते, त्याआधीच्या दिवाळीत आई गेली होती आणि धाकट्याला सांभाळायला माझी शाळा सुटली होती.

भर दुपारी, काही हलत नसताना, मागून आईच्या आवाजात हाक आली, "शांते, दमलीस का गं?"

मी वळणार तोच चुलतबहीण सखूअक्काने माझं तोंड दाबलं. "फुला, ओ देऊ नगं. चल गुमान." म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं.

अक्कामुळे मी घरी परतले, संसार केला, नातवंडं पाहिली. तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण हल्ली जीव घाबरा होतो. ती खरंच आईच असली तर? किती वेळ थांबली असेल तिथे, मी ओ देईन म्हणून.