वहिनीच्या तक्त्यातली D36

माझी वहिनी जहाजाच्या यार्डात पोलादाच्या प्लेटा तपासते, आणि तिच्यापुढे आमचा मॅनेजरसुद्धा आवाज खाली ठेवतो. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, मला त्याचा चांगलाच चटका बसलेला आहे. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हा मी तिचा ‘बारक्या’ झालो, आणि आज त्याच यार्डात गॅसने पोलाद कापणारा कटर आहे, वजन शंभरीला टेकलंय, तरी बारक्याच. रागावली की मात्र ‘भाऊजी’ म्हणते. ‘भाऊजी’ ऐकलं की मी आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतो.

तिचं काम सांगतो. जहाज समुद्रात जायच्या लायकीचं आहे असं लिहून देणाऱ्या संस्था जगात बऱ्याच, आणि पोलादाला नाव द्यायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक नुसतं D36 लिहिते, दुसरी मध्ये H घालते, तिसरी पुढे आपलं अक्षर चिकटवते. “नाव बघू नका, काम बघा,” वहिनी म्हणते. छत्तीस म्हणजे ताकद. चौरस मिलिमीटरमागे साधारण छत्तीस किलोचा ओढा येईपर्यंत प्लेट कायमची ताणली जायची नाही. अक्षर म्हणजे थंडी, किती गारठ्यात हातोड्याचा मार खाऊनही प्लेट तडकत नाही ते. A ची परीक्षा शून्य अंशाला, D ची उणे वीसला, E ची उणे चाळीसला. हे सगळं तिने एका मोठ्या तक्त्यात मांडलं. सात संस्थांचे सात रकाने, आणि एका ओळीत एकसारख्या प्लेटा. चार महिने जेवणाच्या टेबलावर तिचे कागद होते आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. तो तक्ता कटिंग शेडच्या भिंतीवर लागला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद दादाला झाला, कारण टेबल मोकळं झालं.

माझा घोळ त्या तक्त्यापासूनच सुरू झाला. जहाजाच्या तळाला एक D36 प्लेट हवी होती. ठरलेली प्लेट अकरा प्लेटांच्या खाली दबलेली, आणि क्रेन दुसरीकडे अडकलेली. माझ्या हाताशी एक D36 पडली होती, पण दाखला दुसऱ्या संस्थेचा. मी भिंतीकडे पाहिलं. दोन्ही एकाच ओळीत. म्हटलं, वहिनीच्या तक्त्यापेक्षा मोठा पुरावा आणखी कोणता? कापली. उरलेल्या तुकड्यावर सवयीने प्लेटचा नंबर ठोकला आणि तुकडा रॅकमध्ये लावला. चार दिवसांत माझी प्लेट तळाला जोडून झाली.

बुधवारी वहिनी नोंदवही भरायला जहाजाखाली उतरली आणि तिने जोडलेल्या प्लेटवरचा नंबर वाचला. तो ठरलेल्या प्लेटचा नव्हता. संध्याकाळी घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. मला आधीच एक लेखी ताकीद मिळालेली होती, फोरमनशी हुज्जत घातल्याबद्दल. दुसरी मिळाली की घरचा रस्ता, हे तिलाही ठाऊक होतं.

“वहिनी, वहीत ठरलेल्या प्लेटचा नंबर घाल ना,” मी म्हणालो. “पोलाद तर तेच आहे. तुझाच तक्ता सांगतोय.”

“पोलाद तेच आहे हे तू मला शिकवू नकोस. जुळे भाऊ असले तरी एकाच्या पासपोर्टवर दुसऱ्याला जाता येत नाही. या जहाजाला दाखला देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेअरने ती प्लेट पाहिलेलीच नाही. भाऊजी, उद्या सकाळी मी त्याला सांगणार आहे.”

मला इतका राग आला की मी न जेवता उठलो. घरच्या माणसानेच घरच्याच्या पोटावर पाय द्यावा? दादा म्हणाला, झोप. मी भिंतीकडे तोंड करून पडलो.

सकाळी सर्व्हेअरने सगळं ऐकलं आणि दोन शब्दांत निकाल दिला, कापून काढा. म्हणजे तळ पुन्हा उघडायचा, जहाज तीन आठवडे मागे, आणि मी यार्डाबाहेर. वहिनी जागची हलली नाही. तिने दोन्ही संस्थांचे नियम शेजारी शेजारी ठेवले आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेली. ताकद, ताण, कार्बन, थंडीतला मार. तासभर चाललं होतं. शेवटी म्हणाली, “साहेब, त्याच प्लेटचा तुकडा रॅकमध्ये आहे. तुमच्या डोळ्यांदेखत तपासू. नापास झाला तर प्लेट कापायला गॅस मी स्वतः आणून देते.”

तुकडा ओढून पाहिला, तो टिकला. मग त्याचे तीन छोटे नमुने उणे वीसला गार केले आणि एकेकावर हातोडा सोडला. नमुना मोडायला सरासरी किमान चौतीस ज्यूलचा मार लागायला हवा होता. एकशे अठरा, एकशे सव्वीस, एकशे नऊ. सर्व्हेअरने वाकून आकडे पुन्हा वाचले आणि आपल्या संस्थेचा शिक्का काढला.

मॅनेजर खूश. “बरं, कापली कोणी होती?”

“माझ्या दिराने,” मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली.

“जाऊ द्या मग, घरचंच माणूस आहे.”

“घरचा आहे म्हणूनच लिहा. न विचारता प्लेट बदलली. आणि खाली हेही लिहा, की उरलेल्या तुकड्यावर नंबर त्यानेच ठोकला होता. तो नसता तर आज आपण तपासणार काय होतो?”

मॅनेजरने दोन्ही लिहिलं. दोन महिने माझी कापायची टॉर्च काढून घेतली आणि मला रॅकवर नंबर वाचायला बसवलं. दुसरी ताकीद मात्र निघाली नाही. नोकरी राहिली.

आठवड्याभराने त्या प्लेटच्या फायलीत चाचणीच्याच सकाळचा, चाचणीच्या आधीचा, तिच्या अक्षरातला एक कागद मला सापडला. ‘प्लेट नापास झाल्यास तपासनीस म्हणून माझी सही आजपासून रद्द समजावी.’

संध्याकाळी मी तो तिच्यापुढे धरला. “आणि नापास झाली असती तर?”

“झाली नसती. मी दाखला वाचला होता.”

“तरी पण, समजा झाली असती?”

“तर दोघं घरी बसलो असतो,” वहिनी म्हणाली, “आणि तुझ्या दादाला सकाळी तीनऐवजी एकच डबा भरावा लागला असता. जेव आता, बारक्या.”