साठ सह्या, एक तारीख

बाळांनो, मी वयामुळे नोकरी सोडली असं तुम्हाला सांगण्यात आलं आहे. सांगणारी मीच होते, त्यामुळे तुमच्या आईला दोष देऊ नका. पण परवा फोनवर तुमच्यातली मोठी म्हणाली, की तिला एका बड्या कंपनीच्या रिस्क विभागात नोकरी लागली आहे, आणि वर म्हणाली, "आजी, यू वुडन्ट अंडरस्टँड, इट्स ऑल पॉलिसीज अँड लायबिलिटी." मला समजतं. इतकं समजतं की त्यापायीच माझी नोकरी गेली. ती कामावर रुजू होण्याआधी हे लिहून काढते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला बसले की माझ्या हातून पॉलिसीच लिहिली जाते.

आखातात, मनामा शहरातल्या एका सिक्युरिटी कंपनीत मी डॉक्युमेंटेशन सांभाळत होते. कंपनी इमारतींना गार्ड पुरवायची. गार्ड साठ, आणि त्यांनी काय करावं, काय करू नये हे सांगणाऱ्या माझ्या फायली अकरा. आमच्या जनरल मॅनेजरांना अ‍ॅक्रेडिटेशन हवं होतं, परदेशातली पोलीस खाती घेतात तसलं. बाहेरचा तपासनीस येतो, तुमचे नियम आणि प्रशिक्षणाच्या नोंदी पाहतो आणि तुम्ही शहाण्यासारखे वागता असा दाखला देतो. दाखला असला की विमा कंपनी खूश. शिवाय उद्या काही विपरीत घडलं, तर चूक खात्याची की शिपायाची हे कागद पाहूनच ठरवता येतं. बहुतेक वेळा ती शिपायाची ठरते. कागद त्यासाठीच तर असतात.

नियम चौदा मी स्वतः लिहिला होता. कोणी पडलं किंवा जखमी झालं, तर गार्डने त्या व्यक्तीला हात लावू नये. कंट्रोल रूमला कळवावं, त्या जागेभोवती पिवळी पट्टी लावावी आणि आपली जागा सोडू नये. इंग्रजीत तो फार भारदस्त दिसायचा. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्याचं सार्थक झालं असं मला वाटलं.

हा नियम सगळ्यांना शिकवला, याचा पुरावा हवा होता. प्रत्यक्षात एका सकाळी ड्युटीवर नसलेले दहा-बारा जण बोलावले आणि सुपरवायझरने त्यांना अर्धा तास हिंदीत समजावलं. उरलेले पुढच्या महिनाभरात गणवेश, बूट न्यायला ऑफिसात आले, तशी मी त्यांची सही घेतली. 'वाचले व समजले.' आता तारखा अस्ताव्यस्त झाल्या असत्या, आणि अस्ताव्यस्त कागद मला सहन होत नाही. म्हणून साठही सह्यांपुढे मी एकच तारीख घातली, त्या सकाळची, एकाच पेनाने, वळणदार अक्षरात. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, ये तो फ्रेम करके लगाना चाहिए." हे मला कोणी करायला सांगितलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

शहराच्या झिंज भागातल्या एका इमारतीत आमचा एक गार्ड होता, खेडकडचा कोकणी मुसलमान, पन्नाशी उलटलेला. मला ताई म्हणायचा. एका दुपारी तिथली एक वृद्ध भाडेकरू लॉबीत घसरून पडली. त्याने तिला उचलून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं, टॅक्सी थांबवली आणि स्वतः बरोबर जाऊन हॉस्पिटलात पोचवलं. मनगट मोडलं होतं. आठवड्याभरात तिच्या मुलाच्या वकिलाचं पत्र आलं: मनगट पडताना मोडलं की तुमच्या माणसाने उचलताना, याचा खुलासा करावा.

मॅनेजरांनी माझी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा खुलला. "नियम चौदा. शिकवला होता, सही आहे. कंपनीची चूक नाही, माणसाची आहे. यल्ला, चला, टर्मिनेशन लेटर बनवा."

नोकरी गेली की व्हिसा जाणार, आणि व्हिसा गेला की तो खेडला. घरी धाकटी मुलगी नर्सिंग शिकत होती.

काढण्याआधी माणसाचं म्हणणं लिहून घ्यायचं, हाही माझाच नियम. तो माझ्यासमोर येऊन बसला. मी त्याला चौदावा नियम मराठीत सांगितला, तर तो हसायलाच लागला.

"ताई, म्हातारी खाली पडून कण्हतेय आणि मी तिच्याभोवती पिवळी पट्टी बांधू? ती काय रस्त्यातला खड्डा आहे?"

"पण तुमची सही आहे." मी कागद पुढे केला.

"सही माझीच. बूट न्यायला आलो तेव्हा केली. मी विचारलं, ताई, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, काही नाही हो, नेहमीचंच." मग त्याचं बोट तारखेवर थांबलं. "या दिवशी मी इथे होतोच कुठे? मोठ्या पोरीचं लग्न होतं. लीव्हचा फॉर्म तुम्हीच भरलात की!"

भरला होता. दुसऱ्या फायलीत, तिकिटाच्या प्रतीसकट, जागच्या जागी होता.

मॅनेजरांना दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, ऑफिसात कागद हरवतात."

"माझ्याकडून नाही."

"तेच म्हणतोय! इतक्या वर्षांत एक नाही हरवला. आता एक हरवा. खलास."

माहूजमधल्या घरी येऊन तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. माझा व्हिसा त्यांच्या नावावर, म्हणजे मला फक्त नोकरी गमवायची होती; त्या माणसाला नोकरीबरोबर देशही. आजोबांनी विचारलं, "तारीख कोणी घातली?"

"मी."

"मग मला काय विचारतेस?"

दोन दिवसांनी तपासनीस आले. निवृत्त पोलीस अधिकारी, बोलायला अगदी मृदू. अलीकडच्या एखाद्या घटनेचे कागद दाखवा म्हणाले. मी सहीचा कागद आणि लीव्हचा फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. "सही खरी आहे, तारीख खोटी आहे. ती मी घातली. या माणसाला नियम कोणी शिकवलाच नाही." मॅनेजर छताकडे पाहत होते.

तपासनीसांनी चष्मा काढून पुसला. "इतक्या नीटनेटक्या फायली मी कुठेच पाहिल्या नाहीत," ते म्हणाले. "म्हणूनच मला शंका होती. साठ माणसं एकाच दिवशी मोकळी सापडली, असं पोलीस खातं मला अजून भेटायचं आहे."

दाखला पुढे ढकलला गेला. न शिकवलेला नियम मोडला म्हणून कोणाला काढता येत नाही, त्यामुळे टर्मिनेशन लेटर फाडावं लागलं, आणि वकिलाला उत्तर विमा कंपनीने दिलं. माझा राजीनामा 'वैयक्तिक कारणास्तव' होता. तोही मीच टाइप केला, कारण नमुना कुठल्या फायलीत आहे हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

निघण्याच्या दिवशी तो गार्ड भेटायला आला. मी म्हटलं, "तेव्हाच दोन मिनिटं बसवून नीट समजावलं असतं, तर तुमच्यावर ही वेळ आली नसती."

"समजावलं असतंत तरी मी तिला उचललंच असतं, ताई," तो म्हणाला. "फक्त मग नोकरी वाचली नसती."



नियम चौदा शब्दही न बदलता तसाच आहे. त्याला तो रीतसर शिकवण्यात आला आहे, खऱ्या तारखेनिशी. आणि तो अजून झिंजच्या त्याच इमारतीत ड्युटीवर आहे.