दोनदा थोपटलं की सोडायचं

कपडे धुण्याच्या कारखान्यात तिला सगळे फ्रीज म्हणायचे. पाठीमागं नाही, तोंडावर. "फ्रीजताई, चहा झाला का?" अशी सरळ हाक. बावन्न वर्षांच्या या बाईचा आवाज चढलेला तिथं कुणी ऐकलाच नव्हता. सुपरवायझरनं हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग तिच्या पुढ्यात आदळला तरी ही आपली घडी घालून मोकळी.

पण फ्रीजच्या मागच्या बाजूला कधी हात लावून बघितलाय? चटका बसतो. तिचंही तसंच होतं, फक्त मागं जाऊन बघायची कुणाला गरज पडली नव्हती. "किती शांत बाई हो!" असं कुणी म्हटलं की तिला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटायचा. शांत कसली डोंबलाची.

रागीट ती लहानपणापासून. दहा वर्षांची असताना तिनं वर्गातल्या एका पोराची मान नळाखाली दाबून धरली होती. वडील बसचे ड्रायव्हर, स्वभावानं गरीब. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि टायरच्या दुकानावरच्या खोलीत नेऊन उभी केली. तिथं कुलपं-किल्ल्या बनवणारे एक मास्तर संध्याकाळी ज्युडो शिकवायचे. खोलीत चार फाटक्या गाद्या आणि रबराचा वास.

वडील म्हणाले, "मास्तर, मारामारी शिकवू नका, ती हिला येते. थांबायला शिकवा."

मास्तरांनी वर्षभर नुसतं पडायला शिकवलं. पुढं पड, मागं पड, कुशीवर पड. दुसऱ्या वर्षी पकडायला शिकवलं, आणि त्याच दिवशी सोडायलाही. नियम एकच. समोरच्यानं दोनदा थोपटलं, गादीवर, अंगावर, कुठंही, की सोडायचं. तिसऱ्याची वाट बघायची नाही. मोडणाऱ्याला त्या खोलीचा जिना पुन्हा चढायचा नाही.

सतराव्या वर्षी तिनं तो मोडला. वेल्डरचा पोरगा होता, दात काढून हसायची सवय. तिनं त्याचा हात कोपरातून लॉक केला. त्यानं थोपटलं. एकदा, दोनदा. तिला ऐकू आलं होतं. पण आदल्या आठवड्यात तो तिच्या पडण्यावर हसला होता, म्हणून तिनं एक श्वास जास्त धरला. कट्ट करून आवाज झाला.

मास्तर ओरडले नाहीत. म्हणाले, "जिना उतरून पळायचं नाही. याचा हात बरा होईपर्यंत तूच याचा हात."

पाच महिने ती रोज त्याच्या ज्युडोच्या कोटाचा पट्टा बांधायची, बुटांच्या नाड्या बांधायची, त्याच्या डब्याचं घट्ट झाकण उघडून द्यायची. आणि तो मेला रोज हसायचा. शेवटी त्याच्याशीच लग्न केलं. अजूनही त्याचं डावं कोपर पूर्ण सरळ होत नाही. पाहुण्यांपुढं तो हात वर करून दाखवतो, "ही आमच्या हिची पहिली भेटवस्तू!"

तेव्हापासून पस्तीस वर्षांत दोनदा थोपटल्यावर तिचा हात एकदाही उशिरा सुटला नव्हता. डोक्याला कळायच्या आधी बोटं उघडायची.

आता कारखान्याचं. चादरींना इस्त्री करायचं तिथलं मशीन म्हणजे दोन मोठ्या तापलेल्या पाट्या, एक वर, एक खाली. बाजूला दोन बटणं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरची पाटी खाली येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. साधी अक्कल. पण सुपरवायझरला घाई. सतत मनगटावर बघायचा, म्हणून त्याला पाठीमागं घड्याळ म्हणायचे. तर या घड्याळानं प्रत्येक मशीनचं एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलं. एका हातानं बटण, दुसऱ्यानं चादर सारखी करायची. काम दुप्पट.

फ्रीज रोज सकाळी आपल्या मशीनची पट्टी काढायची. जेवणाच्या सुट्टीत तो परत लावायचा. ती परत काढायची. आठ महिने हे चाललं. "ताई, वय झालं, आता हात चालत नाहीत वाटतं," तो सगळ्यांसमोर म्हणायचा. ती पुढची चादर ओढायची. आतून लाव्हा.

आणि एका मंगळवारी शेजारच्या मशीनवरच्या बडबडीचा उजवा हात पाटीखाली गेला.

बडबडी म्हणजे तिशीतली पोर, दोन लेकरांची आई, तोंडाला कुलूप नाही. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. फ्रीजनं धावत जाऊन मशीन बंद केलं, पाटी उचलली, हात नळाखाली धरला. पहिलं काम तेच. मागं वळून बघितलं तर घड्याळ मशीनजवळ वाकून चिकटपट्टी खरवडत होता. नखानं. पोरगी इकडं किंचाळतेय आणि हा नखानं पट्टी खरवडतोय!

नऊ दिवसांनी बडबडी हाताला हे एवढं बँडेज बांधून कामावर आली, कारण तिला निरोप गेला होता. जेवणाच्या सुट्टीत कपडे बदलायच्या खोलीत घड्याळ कागद आणि शाई घेऊन घुसला. आत सात-आठ बाया डबे उघडून बसलेल्या.

"सही जमणार नाही ना? मग अंगठा दे."

"काय लिहिलंय, साहेब?"

"तुझ्या भल्याचंच लिहिलंय."

फ्रीजनं कागद वाचला. पट्टी मीच लावली, चूक माझी, माझी काही तक्रार नाही. म्हणजे अंगठा उठला की नोकरी गेली आणि हाताचा इलाजही गेला.

"देऊ नकोस," फ्रीज म्हणाली.

"तुला विचारलं का गं कुणी?" घड्याळानं बडबडीचा डावा हात धरून शाईवर दाबला. ती मागं ओढायला लागली. त्या झटापटीत तिचा बँडेजचा हात लोखंडी कपाटावर आपटला.

पुढचं कुणाला नीट दिसलंच नाही. घड्याळ टेबलावर पालथा, गाल भाजीच्या डब्यात, उजवा हात पाठीमागं ताणलेला आणि कोपर फ्रीजच्या काखेत. तिचा चेहरा नेहमीसारखाच. पण आत काय चाललं होतं ते तिलाच माहीत. आठ महिन्यांची पट्टी, तो किंचाळण्याचा आवाज, ती नखं. अजून एक इंच. फक्त एक इंच, आणि हा माणूस पुन्हा कुठली पट्टी लावणार नाही.

"मोड, ताई!" बडबडी ओरडली. "मोडच त्याचा!"

घड्याळानं तडफडत मोकळा हात टेबलावर आपटला. एकदा. दोनदा.

तिचे हात सुटले.

नुसते सुटले नाहीत. गादीवर थोपटलं की कुस्ती संपली, दोघं मोकळे, म्हणून ती हात खाली सोडून तिथंच उभी राहिली. आणि घड्याळानं वळून कोपर तिच्या तोंडावर घातलं. पुढचा दात कागदावर पडला. रक्तानं माखलेला कागद तसाच टाकून तो शिव्या देत निघून गेला.

"सोडलंस कशाला?" बडबडी रडत होती. "अगं, हातात होता तो! फ्रीज नाहीस, तू दगड आहेस!"

संध्याकाळी ती तडक मास्तरांच्या दुकानात गेली. मास्तर आता ब्याऐंशीचे, डोळ्याला भिंग लावून किल्ली घासत होते.

"तुमच्यामुळं," ती म्हणाली. दात नसल्यानं फुसफुसत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडली. "माझी बोटं तुम्ही बिघडवलीत! त्या हरामखोराला नियम माहीत नव्हता, आणि मी पाळत बसले!"

मास्तरांनी भिंग काढलं. "सोडलंस ते बरोबरच केलंस. पण सोडून उभी का राहिलीस?"

"म्हणजे?"

"तीन पावलं मागं, हात वर. ते मी कधी शिकवलंच नाही. खोलीत कधी गरज पडली नाही." म्हातारा स्वतःवरच चिडलेला. "माझी चूक आहे ती. जा, घरी जा. थंड पाण्यानं चूळ भर."

तिला भांडायचं होतं. भांडायला समोर कुणी उरलंच नाही. तो राग घेऊन ती मारामारीवरून लागलेल्या चौकशीला गेली.

चौकशीला हेड ऑफिसची चष्म्यातली बाई आली होती. टेबलावर रक्ताचा कागद. घड्याळ इस्त्रीचा शर्ट घालून.

"मॅडम, ही बाई बेचाळीस वर्षं ज्युडो खेळतेय. हात मोडलाच असता माझा!"

"मोडला का?"

"नाही."

"का नाही?"

"सोडला हिनं."

"कुणी सोडवलं?"

"कुणी नाही. मी टेबलावर हात आपटला, तशी सोडून उभीच राहिली. खांबासारखी. डोकं फिरलेलं आहे तिचं."

बाईनं पेन खाली ठेवलं. "मग यांचा दात कधी पडला?"

घड्याळ मनगटाकडं बघायला लागला.

"आणि हा अंगठ्याचा कागद बायांच्या कपडे बदलायच्या खोलीत काय करत होता?"

मग बडबडीचं तोंड उघडलं ते उघडलंच. चिकटपट्टी, नखं, सगळं. मागून बाकीच्या बायाही बोलल्या. ज्या आठ महिने गप्प होत्या त्याही.

म्हणून काय न्याय झाला असं समजू नका. बडबडीला अंगठा द्यावा लागला नाही, नोकरी टिकली, इलाज कारखान्याकडून चालू राहिला. सगळ्या मशीनच्या पट्ट्या निघाल्या. पण घड्याळाची फक्त बदली झाली, दुसऱ्या शाखेत. तिथंही मशीनं आहेतच की! तिथंही बाया आहेत. आणि फ्रीजला सुपरवायझरच्या अंगावर हात टाकला म्हणून पंधरा दिवस घरी बसवलं.

"पेढा नको," पेढे घेऊन घरी आलेल्या बडबडीला तिनं दारातूनच सांगितलं. "तिकडच्या बायांपैकी कुणाला ओळखतेस ते सांग. पट्टी लावायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे."

"ओळखते ना! माझी नणंद आहे तिथं!"

"मग फोन लाव. आत्ता. माझ्यासमोर."

बडबडी डाव्या हातानं नंबर दाबत बसली. फ्रीज तोवर पायऱ्यांवर उभी, ओठ सुजलेला, कान फोनकडं.

तो फोन झाल्यावर ती टायरच्या दुकानावरच्या खोलीत गेली. नवऱ्याला गादीवर उभं केलं. त्याचं कोपर लॉक केलं, तेच, सरळ न होणारं.

"थोपट."

त्यानं दोनदा थोपटलं. तिनं सोडलं. तीन पावलं मागं, हात वर.

"पुन्हा."

विसाव्या वेळी तो हसायला लागला. "अगं, किती चिडलीयेस! हात थरथरतायत तुझे."

"थरथरू देत. सुटतायत ना वेळेवर? थोपट."

एकेचाळिसाव्या वेळी त्यानं थोपटलं आणि ती सोडताच लबाडी करून कोपर तिच्या तोंडाकडं फिरवलं. कोपर हवेत गेलं. ती तीन पावलं लांब होती.

"पुन्हा," ती म्हणाली.