तापलेलं पीठ

सत्तर-एकाहत्तर साली पारनेरात माझ्या पिठाच्या गिरणीइतकी चालणारी गिरणी दुसरी नव्हती, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. डिझेलचं इंजिन सकाळी सातला सुरू झालं की दिवेलागणीपर्यंत बंद नाही. जेवण उभ्यानं, तिथंच, पिठानं माखलेल्या हातांनी. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं मला जमतच नसे.

त्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून सगळं खुणांवर चाले. बोटं चोळली की बारीक, मूठ हलवली की जाडसर. हळूहळू या खुणा घरातही आल्या. मी घरी बोलायचो ते ओरडूनच, आणि बायको हातानंच विचारायची, वाढू का? आमच्या घरात भांडण म्हणून नाही, असं मी मित्रांना ऐटीत सांगत असे. तक्रार एकच होती. तिची भाकरी हल्ली थापतानाच चिरायची, ताटात तुकडे यायचे. "हाताला काय झालंय तुझ्या?" म्हणून मी खेकसायचो. ती मान खाली घालायची.

एकदा भर दुपारी इंजिनाचा पट्टा तुटला. नवा नगरहून यायचा होता. घरी आलो तर दारातच तिचा आवाज कानावर पडला. शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत होती आणि खळखळून हसत होती. मला पाहताच गप्प झाली, आणि हात तोंडाशी नेऊन खूण केली, जेवता का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारीण गेल्यावर चुलीजवळ बसलो. आवाज मुद्दाम खाली आणून म्हणालो, "खुणा नको. बोल की."

"ऐकू येतं व्हय तुमाला?"

"येतं."

तिनं परातीतलं पीठ चिमटीत धरलं. "मंग ऐका. माज्या हाताला कायबी झालं न्हाई. तुमी गिरणीला दम खाऊ देत न्हाई. दगड तापतोय, पिठाची विरी जाती, चिकटपणा ऱ्हात न्हाई. भाकरी चिरणार न्हाई तर काय? आळीतल्या बायका खालच्या गिरणीत जाया लागल्यात."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"गिरणीत येऊन सांगितलं की, तीनदा. तुमी बोटं चोळून इचारलं, बारीक पायजे का?"

नवा पट्टा चढला त्या दिवसापासून गिरणी बारा ते दोन बंद. दगड निवायचा, मी घरी बसून जेवायचो. भाकरी पुन्हा अख्खी येऊ लागली, गेलेल्या बायकाही परतल्या. दोन वाजून गेले तरी तिचं बोलणं संपत नसे. मग एखादं गिऱ्हाईक दारात येऊन हातानं खुणवायचं, चला. मीही हातानंच सांगायचो, थांबा.